एचओ लेआउट: इन्फ्रारेड सेन्सरवरून चार-अ‍ॅस्पेक्ट सिग्नल कसे जोडावेत?

कसारा_बँकर (नाशिकरोड)

नमस्कार मंडळी. ८ बाय ४ फुटांच्या प्लायवर एचओचा, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या मॉडेल रेल्वेचा, लंबगोल मार्ग टाकून झालाय. लांबी साधारण ५.८ मीटर भरते. पुढच्या बाजूला एक लूपलाइन आहे, तिचा विचार नंतर. गाडी साध्या डीसी कंट्रोलरवर चालते: एक इंजिन, आयसीएफचे तीन डबे आणि कधीकधी शेवटी ढकलायला दुसरं इंजिन. माझे वडील कसाऱ्याला बँकरवर, म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनावर, होते. १ इन ३७ चा चढ, गाडीच्या शेपटाला लागून इगतपुरीपर्यंत ढकलायचं आणि पुढच्या ड्रायव्हरच्या शिट्टीवर भिस्त ठेवायची, हे ऐकतच मी मोठी झाले. म्हणून सिग्नल नुसते शोभेचे नकोत. गाडी जिथे असेल त्याप्रमाणे त्यांनी लाल, पिवळा, दुहेरी पिवळा, हिरवा हे चारही अ‍ॅस्पेक्ट, म्हणजे संकेत, दाखवलेच पाहिजेत.

सध्या रुळांखाली तीन इन्फ्रारेड मॉड्यूल बसवलेत. एलएम ३९३ आणि निळा पोटेन्शिओमीटर असलेली, बाजारात सगळीकडे मिळतात ती. खालून किरण जातो, डब्याच्या तळावरून परत येतो. मॉड्यूलचं आउटपुट एका छोट्या रिलेला दिलंय: गाडी वर असेल तर लाल, नसेल तर हिरवा.

अडचणी अशा. दोन डब्यांमधली फट सेन्सरवर आली की सिग्नल क्षणभर हिरवा होतो. काही डब्यांचा तळ काळा कुळकुळीत आहे, ते दिसतच नाहीत. दुपारी तीननंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की गाडी नसतानाही सगळे लाल. आणि सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की शेवटचा डबा सेन्सरवरून पुढे सरकला रे सरकला की मागचा सिग्नल हिरवा होतो, गाडी अजून वीतभर अंतरावर असते!

सेन्सर बदलू का? आणि सेन्सर ते सिग्नल ही मधली जोडणी कशी करायची? आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारं छोटं मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आहे, दिवे लावण्याइतपत प्रोग्रॅम लिहिता येतो.

---

बुधवारपेठी (पुणे)

आधी सेन्सरचं बोलतो. खालून परावर्तन घेणारे काढा. टीसीआरटी ५००० सारखा परावर्तनाचा सेन्सर २.५ मिमी अंतरावर सर्वांत चांगला चालतो. तुमच्या डब्याचा तळ त्याहून बराच वर, शिवाय काळा. पोटेन्शिओमीटर कितीही फिरवला तरी एक डबा दिसेल आणि दुसरा निसटेल.

त्याऐवजी रुळाच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि दुसऱ्या बाजूला फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे प्रकाश पडला की वीज वाहू देणारा भाग, लावा. किरण आडवा, गाडी मध्ये आली की तुटतो. मग डब्याचा रंग कुठलाही असो, काही फरक पडत नाही.

किरण सरळ काटकोनात टाकू नका, तिरका टाका. एचओ डब्याची रुंदी सुमारे ३७ मिमी. किरण रुळाशी ४५ अंशांत असेल तर डब्याची रुंदी पार करताना तो रुळाच्या दिशेनेही ३७ मिमी सरकतो. दोन डब्यांमधली फट फार तर १५ मिमी असेल, त्यामुळे एक डबा सुटायच्या आत दुसरा आडवा येतो. तुमचा लुकलुकाट इथेच संपला. उंची रुळाच्या माथ्यापासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर ठेवा. उद्या रिकामी सपाट वॅगन आणलीत तर खिडक्यांच्या उंचीचा किरण तिच्या डोक्यावरून जाईल.

जागा सरळ रुळावरची निवडा. वळणावर लांब डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला आणि टोकं बाहेर येतात, खांबाला घासतात. वळणावरच लावायचं असेल तर सगळ्यात लांब डबा हाताने ढकलून पाहा आणि मगच भोक पाडा.

जोडणी: फोटोट्रान्झिस्टरचा एमिटर ग्राउंडला, कलेक्टर १० किलोओहममधून ५ व्होल्टला, आणि कलेक्टरवरूनच नॅनोला तार. किरण पडतोय तोवर व्होल्टेज खाली, तुटला की वर. सिग्नलचे दिवे नॅनोच्या पिनवरून थेट पेटवू नका. पिनला २० मिलिअ‍ॅम्पिअर ठीक आहे, पण अख्ख्या चिपची मर्यादा २०० आहे. तुमचे सिग्नल कॉमन अ‍ॅनोडचे (सगळ्या दिव्यांचं धन टोक एकत्र) असतील तर मध्ये यूएलएन २८०३ ही ट्रान्झिस्टरांची चिप घाला, एका चिपमध्ये आठ वाटा मिळतात. ५ व्होल्टवर लाल आणि पिवळ्याला २२० ओहम. हिरवा नव्या प्रकारचा झगझगीत एलईडी असेल तर त्याला ४७० पासून १ किलोओहमपर्यंत लावून पाहा, नाहीतर तो एकटाच डोळ्यांत घुसतो.

---

लोकेशन_बॉक्स (कल्याण)

ताई, नमस्कार. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालो, अजूनही कुठे सिग्नलचा प्रश्न दिसला की राहवत नाही.

तुमची चौथी तक्रार हाच खरा प्रश्न आहे. बाकीच्या तिन्ही सेन्सरच्या आहेत, ही विचाराची आहे. वाड्याच्या दिंडीदरवाजात बसलेला माणूस ‘आत्ता दारात कुणी आहे’ एवढंच सांगू शकतो. वाडा रिकामा आहे का, हे सांगायला त्याला आत कोण गेलं आणि बाहेर कोण आलं ते लक्षात ठेवावं लागतं. तुमचा सेन्सर दारात बसलाय, आणि सिग्नलला वाडा रिकामा आहे की नाही ते हवंय. म्हणून सेन्सरची तार थेट सिग्नलला कधीच जोडायची नाही. मध्ये स्मरण पाहिजे.

खऱ्या मार्गावर याच्या दोन रीती आहेत. ट्रॅक सर्किटमध्ये रुळांतून वीज वाहत असते आणि दुसऱ्या टोकाचा रिले उचललेला असतो. गाडीची चाकं दोन्ही रूळ जोडतात, रिले पडतो, सिग्नल लाल. तिथे अख्ख्या सेक्शनवर, म्हणजे दोन सिग्नलमधल्या तुकड्यावर, नजर असते, स्मरण लागत नाही. दुसरी रीत अ‍ॅक्सल काउंटरची. आत जाताना चाकं मोजायची, बाहेर येताना मोजायची, आकडा जुळला तरच सेक्शन मोकळा. तुमचे किरण म्हणजे या दुसऱ्या रीतीचा धाकटा भाऊ.

आता सेक्शन किती हवेत ते पाहा. तीन सेन्सर म्हणजे तीन सेक्शन. गोल मार्गावर गाडी पहिल्यात आहे असं धरा. पहिल्याच्या तोंडाचा सिग्नल लाल. त्याच्या मागचा पिवळा. त्याच्याही मागचा, म्हणजेच गोल फिरून गाडीच्या पुढ्यातला, दुहेरी पिवळा. संपले सिग्नल. गाडीला स्वतःचंच शेपूट दिसत राहणार आणि हिरवा कधीच मिळणार नाही. म्हणून चार-अ‍ॅस्पेक्टला गोल मार्गावर किमान चार सेक्शन हवेत. ५.८ मीटरचे चार भाग म्हणजे एकेक १.४५ मीटर. तुमचं इंजिन, तीन डबे आणि मागचं इंजिन मिळून सव्वा मीटरच्या आत बसतं, म्हणजे जमलं. याहून लांब गाडी करू नका, नाहीतर ती कायम दोन-दोन सेक्शन अडवून बसेल. खऱ्या मार्गावर लाल सिग्नलच्या पुढे १२० मीटरचा ओव्हरलॅपही मोकळा असावा लागतो. तुमच्या प्रमाणात तो १.३८ मीटर होतो, जवळपास एक अख्खा सेक्शन. तो इथे सोडून द्या.

सेन्सर सिग्नलच्या लगेच पुढे लावा, मागे नको. इंजिनाने खांब ओलांडला की सिग्नल ‘ऑन’, म्हणजे आमच्या भाषेत लाल, झाला पाहिजे. ड्रायव्हरच्या तोंडावर लाल होता कामा नये.

स्मरणाचा नियम अगदी साधा आहे. सेक्शन २ च्या तोंडाशी असलेला क्रमांक २ चा किरण तुटला की सेक्शन २ व्यापला. तोच किरण पुन्हा जुळून दीड सेकंद जुळलेला राहिला की सेक्शन १ मोकळा. सगळ्या सेक्शनना हेच. गाडी किरणावरच उभी राहिली तर दोन्ही व्यापलेले राहतात, तेही बरोबरच आहे. मग सिग्नल: आपला सेक्शन व्यापलेला तर लाल, पुढचा सिग्नल लाल तर आपण पिवळा, पुढचा पिवळा तर आपण दुहेरी पिवळा, नाहीतर हिरवा.

दिव्यांची मांडणी पाळा. वरून खाली पिवळा, हिरवा, पिवळा, लाल. दोन पिवळ्यांच्या मध्ये हिरवा ठेवलाय तो दोन्ही पिवळे दुरून एकात मिसळू नयेत म्हणून. एकेरी पिवळ्याला खालचा पेटवायचा, दुहेरीला त्यात वरचा मिळवायचा. यात मोठं शहाणपण आहे: वरचा दिवा गेला तर ड्रायव्हरला एकेरी पिवळा दिसेल, म्हणजे जास्त सावध करणारा. कुठलाही बिघाड झाला तरी सिग्नल सुरक्षित बाजूलाच झुकला पाहिजे. आम्ही आयुष्यभर तेच केलं.

त्याच कारणासाठी आडव्या किरणाचा सल्ला मला मनापासून पटला. परावर्तनाच्या सेन्सरमध्ये एलईडी जळला तर तो ‘गाडी नाही’ म्हणतो. आडव्या किरणात एलईडी जळला की तो ‘गाडी आहे’ म्हणतो. तार तुटली तरीही तेच. ट्रॅक सर्किटचा रिलेसुद्धा तार तुटली की पडतोच.

---

कसारा_बँकर

काका, खूप आभार. तीन सेक्शनमध्ये हिरवा येणारच नाही हे मी कागदावर गाडी सरकवून पाहिलं, अगदी खरं आहे.

एक शंका आहे. आडव्या किरणात ऊन उलटं वागेल ना? सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड असतंच. ऊन थेट फोटोट्रान्झिस्टरवर पडलं तर त्याला वाटेल किरण जुळलाय, आणि गाडी उभी असताना सेक्शन मोकळा दाखवेल. आधी ऊन पडलं की निदान लाल तरी होत होता. मग ही रीत सुरक्षित कशी? दुसरं, चार सिग्नलचे सोळा दिवे आणि चार सेन्सर, इतक्या पिना नॅनोला कुठून आणायच्या?

---

बुधवारपेठी

शंका अगदी नेमकी आहे. यावर उपाय असा की एलईडी कायम पेटता ठेवायचाच नाही.

चारही इन्फ्रारेड एलईडी एका २एन२२२२ ट्रान्झिस्टरवरून नॅनोच्या एकाच पिनने चालू-बंद करा. बेसला १ किलोओहम, प्रत्येक एलईडीला वेगळा १८० ओहम. सेन्सर अ‍ॅनालॉग पिनांवर घ्या. एलईडी बंद ठेवून वाचा, पेटवा, एक मिलिसेकंद थांबा, पुन्हा वाचा. दोन आकड्यांतला फरक मोठा आला तरच किरण जुळलेला. आता बघा: गाडी मध्ये असेल तर दोन्ही आकडे वर, फरक नाही. ऊन पडलं तर दोन्ही खाली, फरक नाही. एलईडी जळला, तार तुटली, तार ग्राउंडला चिकटली, कशानेही फरक शून्याकडेच जातो. आणि फरक नसला की व्यापलेला धरायचं. सगळे बिघाड एकाच बाजूला पडतात, लालच्या.

अर्थात भर उन्हात गाडी नसतानाही लाल राहीलच. त्यासाठी फोटोट्रान्झिस्टरवर काळ्या हीट-श्रिंकची दोनेक सेंटिमीटर नळी चढवा आणि त्याचं तोंड खिडकीकडे न करता खिडकीला पाठ करून लावा. खिडकीकडच्या बाजूला एलईडी येऊ दे. दुकानात ३८ किलोहर्ट्झचे टीव्ही रिमोटचे रिसीव्हर देऊ करतील. ते घेऊ नका. त्यातले बहुतेक सतत येणाऱ्या लहरीला गोंगाट समजून दाबून टाकतात.

पिनांसाठी ७४एचसी५९५ (थोड्या पिनांवरून जास्त आउटपुट देणारी शिफ्ट रजिस्टर) च्या दोन चिपा घ्या, एकापुढे एक जोडलेल्या. नॅनोच्या तीन पिनांवर सोळा आउटपुट मिळतात, त्यांच्यापुढे दोन यूएलएन २८०३. सेन्सर ए० ते ए३ वर. एक ध्यानात ठेवा, नॅनोच्या ए६ आणि ए७ फक्त अ‍ॅनालॉग वाचतात. बटण किंवा दिवा तिथे जोडलात तर तासभर चूक सापडत नाही.

---

मडगाव_अप (गोवा)

तारांविषयी थोडं. सेन्सरच्या तारा मोटरच्या तारांना बांधून नेऊ नका. डीसी मोटरच्या ब्रशांच्या ठिणग्यांचा खडखडाट सगळीकडे शिरतो. मी रूळ आणि इलेक्ट्रॉनिक्स यांना पूर्ण वेगळे अ‍ॅडॅप्टर दिलेत, आणि प्रत्येक चिपच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. उरलेली ईथरनेट केबल सोलून वापरा, आठ रंगांच्या पिळलेल्या तारा मिळतात. सेन्सरची तार आणि ग्राउंड एकाच जोडीत घ्यायचे. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी लावा, प्लायखाली आडवं पडून टॉर्चच्या उजेडात रंग ओळखू येत नाहीत.

---

लोकेशन_बॉक्स

बुधवारपेठींचा ‘फरक असेल तरच मोकळा’ हा विचार वाचून फार बरं वाटलं. खात्यात असता तर तुम्हाला लगेच टेस्टिंगला घेतलं असतं.

ताई, दोन गोष्टी राहिल्या. पहिली, वीज सुरू होताना. नॅनोचं स्मरण तेव्हा कोरं असतं, गाडी कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून सुरुवातीला चारही सेक्शन व्यापलेले धरा, चारही सिग्नल लाल. मग तुम्ही स्वतः मार्ग डोळ्यांनी पाहायचा आणि रिकाम्या सेक्शनचं रीसेट बटण दाबायचं. अ‍ॅक्सल काउंटर रीसेट करतानाही माणसाने खात्री करायची असते, यंत्रावर सोडत नाहीत. ५९५ चे आउटपुट वीज येताच काहीही असू शकतात, तेव्हा तिची आउटपुट-एनेबल पिन १० किलोओहमने ५ व्होल्टला ओढून ठेवा आणि प्रोग्रॅम तयार झाल्यावरच खाली आणा. तोवर दिवे विझलेले राहतील, ते चालेल. विझलेला सिग्नल ड्रायव्हरने सर्वांत कडक अ‍ॅस्पेक्टचाच मानायचा असतो.

दुसरी गोष्ट तुमच्या बँकरची, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. किरण पुन्हा जुळला म्हणजे गाडी पूर्ण बाहेर गेली असं आपण धरलंय. पण कपलिंग सुटून शेवटचा डबा सेक्शन १ मध्येच राहिला तर? किंवा बँकर मागे पडला तर? पुढचा भाग किरण २ ओलांडून जाईल, किरण जुळेल, आणि सेक्शन १ मोकळा दाखवेल, आत डबा उभा असताना. अ‍ॅक्सल काउंटरला हे कळतं, कारण आकडा जुळत नाही. जिथे काउंटर नव्हते तिथे गाडीच्या शेवटच्या डब्यावरची एलव्ही (लास्ट व्हेइकल) पाटी आणि रात्री शेपटाचा लाल दिवा पाहिल्याशिवाय स्टेशनवरचा माणूस मागच्या स्टेशनला ‘गाडी पूर्ण आली’ असं कळवत नसे.

तुमची एलव्ही पाटी अशी करा. गाडीच्या सगळ्यात शेवटच्या वाहनाखाली छोटं निओडिमियम चुंबक चिकटवा. बँकर असेल तेव्हा ते बँकरखाली. प्रत्येक किरणाजवळ दोन स्लीपरांच्या मध्ये रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की जुळणारा स्विच, बसवा. आता सेक्शन १ मोकळा करायला दोन्ही हवं: रीड २ ने चुंबक पाहिलं, आणि त्यानंतर किरण २ दीड सेकंद जुळलेला राहिला. चुंबक आलंच नाही तर सेक्शन लालच. रीडची तार तुटली तरी लालच. फक्त इंजिनाच्या मोटरमध्येही चुंबक असतं, ते रीडला लागत नाही ना हे पुढचं इंजिन एकटं फिरवून आधी तपासा. लागत असेल तर रीड थोडा खोल बसवा.

उलट दिशेने गाडी नेणार असाल तर हे सगळं कोलमडतं. दिशा कळायला एका जागी दोन किरण लागतात, आधी कुठला तुटला त्यावरून दिशा. अ‍ॅक्सल काउंटरमध्येही त्याचसाठी दोन कॉइल असतात. तुमच्या घाटात सध्या एकाच दिशेने चढा.

---

कसारा_बँकर

चारही सेक्शन उभे राहिले. किरण जुळलेला असताना फरक ८०० च्या वर येतो, डबा मध्ये असताना १५-२० च्या पुढे जात नाही, म्हणून सीमा ३०० वर ठेवली. पडदा उघडून दुपारच्या उन्हात पाहिलं: खिडकीजवळच्या एका सेन्सरचा फरक ५०० पर्यंत उतरतो, पण पुरतो. हीट-श्रिंकची नळी लांब केल्यावर तो ६०० च्या वर आला.

पुढच्या इंजिनाची मोटर रीडला लागत होती. रीड प्लायच्या खालच्या अंगाला नेला तर चुंबकही लागेना. शेवटी रीड रुळांच्या मधून काढून एका बाजूला रुळाबाहेर बसवला आणि चुंबक त्याच बाजूच्या बफरखाली लावलं. आता फक्त चुंबकच लागतं.

बँकर मुद्दाम सेक्शन ३ मध्ये सोडून गाडी पुढे नेली. सिग्नल ३ लालच राहिला, २ पिवळा, १ दुहेरी पिवळा. गाडी गोल फिरून आली ती १ वर वेग कमी करून, २ वर आणखी हळू, आणि ३ च्या खांबाशी थांबली. कंट्रोलर माझ्या हातात होता, पण मी फक्त सिग्नल पाहूनच चालवत होते.

लूपलाइनच्या होम (स्टेशनात येण्याचा) आणि स्टार्टर (निघण्याचा) सिग्नलसाठी वेगळा प्रश्न टाकते. तिथे पॉइंट, म्हणजे रूळ बदलणारा सांधा, कुठल्या बाजूला लागलाय हेही सिग्नलला कळायला हवं, आणि माझ्या पॉइंट मोटरला तो सांगणारा संपर्क नाही. काका, मायक्रोस्विच लावू का?

---

लोकेशन_बॉक्स

लावा, पण मोटरच्या दांड्याला नाही, थेट पॉइंटच्या जिभेला. मोटर फिरली म्हणजे जीभ लागलीच असं नसतं. आणि दोन स्विच हवेत, सरळ आणि वळण दोन्हींसाठी. दोन्ही उघडे असतील तर होम सिग्नल ऑन. नवा प्रश्न टाकलात की तिथे सर्किट काढून देतो.